मिठाच्या दगडांपाशी : पिन खोऱ्यातले आयबेक्स आणि त्यांच्या पोटातले जंत

१२ जुलै, शिमला ते सराहन

स्पितीला जाणारे बरेच लोक आता मनालीकडून जातात. ऑक्टोबर २०२०मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि ती वाट सोपी झाली. आम्ही किन्नौरची लांबची वाट धरली. एक तर या वाटेनं उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. दुसरं कारण माझ्या वर्गमैत्रिणीचं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी माण-खटावच्या धनगरवाड्यांमध्ये शेळ्या-मेंढ्यांची डॉक्टर झाले आणि ती हिमालयातल्या रानबकऱ्यांच्या, म्हणजे आयबेक्सच्या, लेंड्या तपासायला लागली. "मेंढरं ज्या मुलखातून वर चढतात तो आधी बघ. म्हणजे जंतांचं गणित तुला वेगळं शिकवायला नको," असं ती निघण्याआधीच म्हणाली होती.

सराहनला पोचेपर्यंत पाऊस होता. देवदारांतून धुकं उतरत होतं, रस्त्याकडेचं गवत गुडघाभर वाढलेलं. लोक इथे भीमाकालीच्या देवळासाठी थांबतात. आम्हीही दर्शन घेतलं, पण मैत्रिणीचं लक्ष देवळामागच्या कुरणाकडे. गोल जंताची मादी जनावराच्या पोटात अंडी घालते आणि ती लेंडीतून बाहेर पडतात. अंड्यातून अळी निघते, वाढते, कात टाकते. तिसऱ्या अवस्थेत पोचली की दवाच्या थरातून गवताच्या पात्यावर चढते. या अवस्थेत जुनी कात अंगावर आवरणासारखी राहिलेली असते, त्यामुळे तिला काही खाता येत नाही. अंगातल्या साठ्यावर ती जगते आणि कुणीतरी ते पातं खाईल याची वाट पाहते. तिला हवी असते ऊब आणि ओल. सराहनच्या कुरणात जुलैत दोन्ही भरपूर.

हेच चित्र मी दरवर्षी आमच्याकडे बघते. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, भातखाचरांत मेंढरं बसवतात आणि ओल्या चाऱ्यातून काय काय पोटात घेऊन परततात. त्यामुळे इथे काही समजावून सांगावं लागलं नाही.

१३ जुलै, रिकाँग पिओ

दिवसभर सतलजच्या काठानं. दोन ठिकाणी दरड साफ होईपर्यंत थांबावं लागलं. वांगतूला भाबा खोऱ्याकडे फाटा फुटतो. त्या रस्त्यावर काफनू हे गाव आहे आणि तिथून पुढे पायवाट. मेंढपाळ आपले कळप घेऊन याच वाटेनं भाबा खिंड ओलांडतात आणि पलीकडे स्पितीतल्या पिन खोऱ्यात उतरतात. खिंड ४,९०० मीटरच्या वर आहे. आम्ही मोटारीनं मोठा वळसा घालून त्याच खोऱ्यात पोचणार होतो.

१४ जुलै, ताबो

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून पुढे डोंगरांवरचा हिरवा रंग संपतो. इतका झटक्यात बदल मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पावसाचे ढग दक्षिणेकडच्या शिखरांवरच अडतात आणि पलीकडे राहते माती, दगड आणि ऊन. नाकोला चहा घेतला. इथल्या जव आणि मटाराच्या शेतांना पाणी मिळतं ते वितळलेल्या बर्फाचं, कुलांमधून, म्हणजे पाटांमधून, खेळवलेलं.

जंताच्या अळीला हा मुलूख वैरी. उघड्यावर पडलेली लेंडी वरून तासाभरात वाळते. पण ती फोडून पाहिली तर आत ओलसर गाभा असतो आणि अळ्या त्या गाभ्यात तग धरतात. एखादी सर आली किंवा बर्फ वितळून झरा फुटला की बाहेर येतात. म्हणजे संसर्गाचा धोका इथे सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो झऱ्याकाठच्या हिरव्या पट्ट्यांत गोळा झालेला असतो, आणि चरणारं प्रत्येक जनावर नेमकं तिथेच येतं. मैत्रिणीचा सगळा अभ्यास या पट्ट्यांभोवती आहे.

ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६चा. आतली भित्तिचित्रं डोळे भरून पाहिली. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल.

१५ जुलै, मूद

अत्तरगूच्या पुलावरून स्पिती नदी ओलांडली आणि खोऱ्यात शिरलो. दोन्ही बाजूंना उभे, थरांचे, जांभळट आणि राखाडी डोंगर. गुलिंग आणि सगनम मागे टाकत मूदला पोचलो. मटार फुलावर होता. चौमुर्ती घोडे मोकळे चरत होते, या खोऱ्याचं नाव त्यांच्यामुळेही आहे. पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान १९८७मध्ये जाहीर झालं, क्षेत्रफळ ६७५ चौरस किलोमीटर. हिमबिबट्या आणि आयबेक्स यांच्यासाठी ते ओळखलं जातं.

मूद ३,८०० मीटरच्या आसपास. जिना चढताना मला धाप लागत होती, बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली. समोरच्या कड्यावर मात्र शेळ्या पळत होत्या. शेळीची तांबडी रक्तपेशी पाळीव जनावरांत सगळ्यात लहान असते, व्यासाने आपल्या पेशीच्या निम्मी किंवा त्याहून कमी. लहान पेशी म्हणजे तितक्याच रक्तात पेशींची संख्या जास्त आणि ऑक्सिजन घ्यायला-द्यायला पृष्ठभाग जास्त. शिवाय शेळीला रक्तक्षय झाला तर तिचं शरीर वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन बनवायला लागतं. रक्त पिणाऱ्या जंतांनी गांजलेल्या शेळ्या मी खूप पाहिल्यात आणि त्या इतके दिवस उभ्या कशा राहतात याचं दरवेळी नवल वाटतं. त्यातलं थोडं उत्तर या रक्तात आहे.

१६ जुलै, मूद

विश्रांतीचा दिवस. आम्ही उतरलो त्या घरच्या आमाने सकाळी जवाच्या पिठाची जाड भाकरी आणि लोणी-मिठाचा चहा दिला. गच्चीच्या कोपऱ्यावर दगडांचा ल्हातो, देवाचं ठाणं. त्यावर आयबेक्सची जुनी शिंगं ठेवलेली. हात लावायची परवानगी विचारली. आमा म्हणाल्या, "बघा, पण उचलू नका."

आयबेक्सच्या बोकडाच्या शिंगावर पुढच्या बाजूला मोठ्या गाठी असतात आणि बघणारा त्याच मोजायला जातो. वय त्या गाठींवरून कळत नाही. शिंगाच्या कडेने आणि मागून बोट फिरवलं की मधूनमधून एक बारीक, खोल खाच लागते, तिच्यावरून कळतं. हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते, वसंतात पुन्हा सुरू होते आणि मध्ये ती खाच राहते. मी बोटानं दहा खाचा मोजल्या. पहिल्या वर्षांचे टप्पे लांब, पुढे ते आखूड होत जातात, वयानुसार तसं होतंच. पण या शिंगात एक टप्पा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्याही टप्प्यापेक्षा आखूड होता. तो उन्हाळा त्या बोकडाला वाईट गेला होता. चारा कमी, आजार, की पोटात जंतांचा भार, हे शिंग सांगत नाही. खर्च भागला नाही हे मात्र ते सांगतं.

आणि खर्चाचाच सगळा प्रश्न आहे. रानातल्या प्रत्येक आयबेक्सच्या पोटात काही ना काही जंत असतातच, तो आजार नव्हे. उन्हाळ्यात पोट भरलेलं असतं तेव्हा जंत पोसणं परवडतं. आल्प्सच्या आयबेक्सवर बसवलेल्या उपकरणांनी दाखवलंय की हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचे ठोके उन्हाळ्यातल्या कमाल गतीपेक्षा जवळजवळ ६० टक्क्यांनी खाली येतात. रात्री शरीर थोडं थंड होऊ द्यायचं आणि सकाळी उन्हात उभं राहून फुकटची ऊब घ्यायची, असं ते जगतात. शरदात साठवलेल्या चरबीवर वसंत गाठायचा. माजाचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये माद्या गाभण आणि कुरणं बर्फाखाली. जंतांची उधारी त्या महिन्यांत फेडावी लागते. जुलैत चकचकीत दिसणारं जनावर पाहून त्याच्या तब्येतीबद्दल निकाल देऊ नये, असं मैत्रीण म्हणते, आणि मला ते पटतं.

१७ जुलै, मेंढपाळांच्या तळावर

पहाटे निघालो. सोबत मूदचा एक तरुण आणि सामान लादलेली दोन गाढवं. वाट पिनच्या काठानं भाबा खिंडीच्या दिशेनं जाते. दुपारी मेंढपाळांचा तळ लागला. दगडी वाडगं, ताडपत्रीचा आडोसा आणि गळ्यात काट्यांचे पट्टे घातलेले दोन दांडगे कुत्रे.

म्होरके साठीच्या घरातले. मी मेंढरांची डॉक्टर आहे म्हटल्यावर त्यांनी चहाआधी मला वाडग्यात नेलं. भाषा तोडकीमोडकी हिंदी, पण मेंढरू हातात आलं की बोलायला फारसं काही लागत नाही. पापणी उलटून पाहिली. बहुतेकांची गुलाबी, काहींची फिकी, म्हणजे रक्त कमी. दोन कोकरांच्या जबड्याखाली पाणी सुटून मऊ गोळा झालेला, बोटानं दाबला की खळगा राहायचा. एकाच्या लेंड्यांमध्ये तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तुकडे, पट्टकृमीचे. पाठीच्या कण्यावरून हात फिरवला, बऱ्याच माद्यांची हाडं लागत होती. आठवडे चढण चढून, दूध पाजत आलेली जनावरं ती.

"औषध केव्हा पाजता?"

"हगवण लागली की. किंवा खाली उतरल्यावर, डॉक्टर भेटले तर."

"वर चढायच्या आधी?"

"आधी कशाला, बाईजी? तेव्हा तर धडधाकट असतात."

मी त्यांना दोष देणार नाही. आमच्याकडेही औषध पाजतात ते जनावर आजारी दिसल्यावरच. पण व्यायल्यानंतरच्या आठवड्यांत मेंढीची प्रतिकारशक्ती खाली येते आणि तिच्या लेंडीतली अंडी एकदम वाढतात. हिमॉन्कस या रक्त पिणाऱ्या जंताची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते आणि एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. पाच हजार जंत असले तर पाव लिटर रक्त, रोज. धडधाकट दिसणारी दुभती मेंढी खिंड ओलांडताना काय घेऊन येते ते या आकड्यांवरून समजावं. थंडीत हिमॉन्कसची अंडी टिकत नाहीत, त्याला ऊब लागते. पण जुलै-ऑगस्टची दुपार इथेही तापते आणि ती मुदत आता लांबत गेली तर पूर्वी जे जमत नव्हतं ते त्याला जमायला लागेल. मैत्रिणीला काळजी आहे ती याची.

१८ जुलै, मिठाचे दगड

या प्रवासातला हा दिवस मी कधी विसरणार नाही.

तळाच्या वर, झऱ्याच्या डोक्याशी, सपाट दगडांची एक रांग आहे. मेंढपाळ काही दिवसांआड त्यांवर मीठ पसरतात. मेंढरं इतक्या वर्षांपासून ते चाटत आलीत की दगडांचा वरचा भाग गुळगुळीत झालाय, मध्ये उथळ वाट्या पडल्यात. भोवतीची जमीन लेंड्यांनी काळी. झऱ्याचं पाणी त्यातूनच झिरपत खाली जातं आणि तिथून हिरवा पट्टा सुरू होतो.

संध्याकाळी कळप वाडग्यात गेला. आम्ही वरच्या बाजूला खडकाआड बसलो. दुर्बिणीत अर्धा तास नुसते दगड. मग कड्यावरून खडे घरंगळले आणि एक मादी खाली उतरली. तिच्यामागे आणखी माद्या आणि यंदाची पिल्लं. या दिवसांत बोकड वेगळे राहतात, बरेच वर. माद्या थबकत, वास घेत सरळ मिठाच्या दगडांवर आल्या आणि वाट्या चाटायला लागल्या. एक पिल्लू आईच्या पायांशी हिरवं गवत कुरतडत होतं. ते पातं सकाळी मेंढरांच्या लेंड्यांमध्ये उभं होतं.

आयबेक्स आणि मेंढ्या एकमेकांपासून लांब राहतात, मग लागण होते कशी, असं लोक मला विचारतात. जंतांना जनावरांची भेट व्हावी लागत नाही. एकानं सकाळी यायचं, दुसऱ्यानं संध्याकाळी, जागा एकच असली म्हणजे झालं.

एका मादीच्या खांद्यावरचे केस गेलेले दिसले. माझ्या पोटात गोळा आला, खरूज तर नाही? मैत्रिणीनं दुर्बीण माझ्या हातात दिली. "कानाकडे बघ, तोंडाकडे बघ. खपल्या आहेत? खाजवते आहे?" नव्हत्या, आणि मादी शांतपणे चाटत होती. हिवाळी लोकरीचे पुंजके खांद्यावरून लोंबत होते, खाली नवा, आखूड, तुकतुकीत केस दिसत होता. कात टाकणं चाललेलं. वाटेतल्या झुडपांनाही हीच मऊ लोकर अडकलेली आम्ही सकाळी पाहिली होती.

खरजेची भीती उगाच नाही. १९८७मध्ये स्पेनच्या काझोर्ला डोंगररांगेत आयबेरियन आयबेक्सना खरूज लागली आणि थोड्या वर्षांत तिथले ९५ टक्क्यांहून जास्त आयबेक्स गेले. पाकिस्तानात हुंझाकडच्या शिमशालमध्ये भरल, म्हणजे निळ्या रानमेंढ्या, खरजेनं मेल्याची नोंद आहे. खरजेचा किडा कातडीत बिळं करतो. केस जातात, कातडी जाड होऊन फुटते. कडाक्याच्या थंडीत उघडं पडलेलं जनावर ऊब टिकवण्यातच सगळी चरबी खर्चून बसतं. मैत्रिणीनं तिच्या वहीत कळपातल्या प्रत्येक जनावराच्या कातडीची नोंद केली, अंधार पडेपर्यंत.

१९ जुलै, गोळा करणं आणि मोजणं

आयबेक्सची आणि शेळी-मेंढीची लेंडी नुसती पाहून खात्रीनं वेगळी सांगता येत नाही. म्हणून तिचा नियम असा की जनावर डोळ्यांदेखत बसलेलं असावं आणि कळप पुढे गेल्यावरच तिथे जायचं. पहाटे कड्याखाली बसलेला एक कळप उठून गेला. तो पार दिसेनासा झाल्यावर आम्ही चढलो. वनखात्याची परवानगी तिच्याकडे होतीच. ओल्या, चकाकणाऱ्या लेंड्या तेवढ्या उचलायच्या, त्याही ढिगाच्या वरच्या, जमिनीला न टेकलेल्या. पिशवीतली हवा दाबून काढायची, कारण हवा मिळाली की अंडी वाढतात, फुटतात आणि मोजणी चुकते. मग पिशवी झऱ्याच्या थंड पाण्यात.

दुपारी मूदला उतरलो. खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडला. तीन ग्रॅम लेंडी, ४२ मिलिलिटर पाणी, गाळणीतून गाळायचं. खाली बसलेला गाळ मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळायचा. अंडी हलकी, ती वर तरंगतात. रेघा आखलेल्या काचेच्या दोन खणांत द्रावण भरायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि दिसतील तेवढी अंडी मोजून ५०नं गुणायचं. एका ग्रॅममागे इतकी अंडी, असा हिशोब निघतो. जगभर हीच पद्धत वापरतात, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातही.

मेंढीच्या नमुन्यात नेहमीची, लंबगोल, मधमाशीच्या पोळ्यासारखी आतून पेशींनी भरलेली बारीक अंडी दिसली. माझ्या रोजच्या ओळखीची. मग आयबेक्सचा नमुना. पहिला खण रिकामा. दुसऱ्या खणाच्या कडेला एक अंडं आणि मी डोळा उचलून पुन्हा लावला, इतकं ते मोठं होतं. बाकीच्यांच्या दुप्पट लांब, दोन्ही टोकांना निमुळतं, आत पेशींचा गच्च पुंजका आणि भोवती मोकळी जागा.

"मार्शलाजिया," मैत्रीण म्हणाली. "हा खरा डोंगरचा रहिवासी."

मी हा जंत पुस्तकात वाचला होता, पाहिला आत्ता. थंडी त्याला चालते. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या रेनडिअरमध्ये तर त्याची लागण हिवाळ्यातही होत राहते, बाकी सगळे जंत थांबलेले असताना. त्याचा शेजारी निमॅटोडायरस, त्याचंही अंडं मोठं. तो अळीला अंड्याच्या आतच तिसऱ्या अवस्थेपर्यंत वाढवतो आणि काही जातींत थंडीचा झटका बसल्याशिवाय अंडं फुटतच नाही. हे जंत आयबेक्सबरोबर या डोंगरांत राहत आलेले, दोघांचा एकमेकांशी जुना हिशोब आहे. खालच्या उबदार कुरणांतून वर येणाऱ्या जंतांशी तसा हिशोब अजून बसलेला नाही.

एका दिवसाच्या काही नमुन्यांवरून पिनच्या आयबेक्सबद्दल काहीही म्हणता येणार नाही. मैत्रीण हंगामाचे सगळे महिने नमुने घेते, मेंढ्यांचे आणि आयबेक्सचे शेजारी-शेजारी. शिवाय नेहमीच्या लहान अंड्यांवरून जात ओळखता येत नाही. त्यासाठी लेंडीतल्या अळ्या वाढवून पाहाव्या लागतात किंवा डीएनए तपासावा लागतो.

२० जुलै, पुन्हा तळावर

मी जंतनाशकं बरोबर नेली होती. जबड्याखाली सूज आलेल्या कोकरांना आणि फिक्या पापणीच्या मेंढ्यांना वजनाच्या अंदाजानं पाजली. अंदाज नेहमी वरच्या बाजूनं धरायचा. डोस कमी पडला तर मरतात ते कमजोर जंत, आणि तगडे मागे राहून पुढची पिढी औषधाला दाद देत नाही. अल्बेंडाझोल या जंतनाशकाचं हे रडगाणं आता भारतभर आहे.

पण आजाऱ्याला औषध पाजून आयबेक्सचं भलं होत नाही, ते आधी अडवायला हवं. संध्याकाळी शेकोटीपाशी मैत्रिणीनं म्होरक्यांना तिची कल्पना सांगितली. खिंड चढण्याआधी, काफनूच्या बाजूला, सगळ्या व्यायलेल्या मेंढ्यांना औषध पाजायचं आणि मगच कळप वर आणायचा. पोटातली अंडी खालीच पडतील. वरचं कुरण स्वच्छ राहिलं तर उन्हाळाभर तुमच्याच मेंढ्या पुन्हा लागण घेणार नाहीत. वजन वाढेल, लोकर वाढेल. त्यात आयबेक्सचंही भलं होईल.

यावर माझा आणि तिचा थोडा वाद झाला. माण-खटावमध्ये मी उलटं शिकवते, सगळ्या कळपाला पाजू नका, काही जनावरं सोडा, म्हणजे औषधाला बळी पडणारे जंत कुरणात शिल्लक राहतील आणि औषध टिकेल. तिचं म्हणणं असं की वरच्या कुरणात आपल्याला मुळी जंत पेरायचेच नाहीत. शेवटी दोघींचं जमलं ते असं : व्यायलेल्या माद्या आणि कोकरं यांना पाजायचं, भाकड माद्यांना आणि तब्येतीच्या नरांना सोडायचं. आणि आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक शक्यतो नको, कारण ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं. या कोरड्या मुलखात लेंड्या मातीत मिसळायला ते किडे हवेत.

मग मी पीपीआरचं, शेळ्या-मेंढ्यांच्या एका विषाणूजन्य रोगाचं, विचारलं. धनगरवाड्यांत या रोगाचं नाव काढलं की लोक गप्प होतात. ताप, नाकातून घाण, तोंडात फोड, हगवण आणि आठवड्याभरात अर्धा कळप आडवा. भारतात हा रोग पहिल्यांदा १९८७मध्ये तामिळनाडूत ओळखला गेला. २००७मध्ये तो तिबेटात पोचला आणि तिथे रानातल्या भरलांमध्येही सापडला. मंगोलियात २०१६च्या सप्टेंबरात पाळीव कळपांत दिसला, डिसेंबरात सायगा हरणं मरायला लागली आणि काही महिन्यांत तिथल्या अर्ध्याहून जास्त सायगा संपल्या. आयबेक्सही मेले. जंत हळूहळू पोखरतात, हा विषाणू एका हिवाळ्यात खोरं रिकामं करू शकतो. त्याची लस आहे, चांगली आहे, एकदा टोचली की काही वर्षं संरक्षण देते. गुरांची बुळकांडी २०११मध्ये जगातून हद्दपार झाली ती लसीच्याच जोरावर, आणि पीपीआर २०३०पर्यंत घालवायचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठेवलंय. रानातल्या आयबेक्सला कुणी लस टोचू शकत नाही. त्यांचं संरक्षण म्हणजे या वाडग्यातल्या मेंढ्यांना टोचलेली लस.

म्होरके बराच वेळ ऐकत होते. म्हणाले, "आमची मेंढरं मेली तर आम्ही सरकारकडे जातो. त्यांची मेली तर कुणाकडे जाणार?" हे ते हळहळून म्हणाले. मिठाच्या दगडांवर येणाऱ्या माद्या त्यांनी लहानपणापासून पाहिल्यात.

२२ जुलै, किब्बर

काझामार्गे किब्बरला. गाव ४,२०० मीटरवर, वरच्या पठारांवर भरल. काझाच्या बाजूला आलं की आयबेक्सऐवजी भरल जास्त दिसतात. दुपारी एक मोठा कळप गावाच्या माथ्यावर चरताना मिळाला. निळसर राखाडी पाठ, पायांवर काळे पट्टे, उताराच्या दगडांत मिसळून गेलेली जनावरं.

इथे गावकऱ्यांनी आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी मिळून १९९०च्या दशकाच्या अखेरीस कुरणाचा एक तुकडा गुरांसाठी बंद केला. त्यानंतर तिथे भरलांची संख्या वाढली. वन्यप्राण्यांचं आरोग्य म्हटलं की आपण रोगांकडे बघतो. पण भरपूर गवत खाल्लेल्या मादीला जंत सोसतात, उपाशी मादीला तेच जंत मारतात. जंत मोजायचे तर गवतही मोजायला हवं. मैत्रिणीच्या वहीत लेंड्यांच्या रकान्याशेजारी गवताच्या उंचीचा रकाना आहे तो यासाठी.

२३ जुलै, काझा

नमुने थर्मासच्या खोक्यात बंद केले. अळ्यांची वाढ आणि डीएनएचं काम प्रयोगशाळेत होईल. मेंढरं सप्टेंबरात त्याच खिंडीतून परत जातील आणि तोवर मैत्रीण इथेच, मूद आणि तळ यांच्यामध्ये ये-जा करत राहील.

निघताना आम्ही पुढच्या वर्षाचा आराखडा कागदावर मांडला. जूनमध्ये, कळप खिंडीकडे निघण्याआधी, मी काफनूला यायचं. चराईचे परवाने असलेल्या कळपांची वाटेत मोजणी होते, त्याच सुमाराला जंतनाशक आणि पीपीआरची लस एकत्र द्यायची, त्यासाठी तिथल्या पशुसंवर्धन विभागाशी आताच बोलणं सुरू करायचं. औषध पाजल्यावर मेंढ्यांना दोन रात्री खालच्या वाडग्यातच ठेवायचं, म्हणजे पोटातली अंडी तिथेच पडून जातील. म्होरके या सगळ्याला तयार आहेत. त्यांनी एकच विचारलं, त्या दोन दिवसांत एवढ्या मेंढरांना चारा कुठून आणायचा? काफनूखाली जूनमध्ये विकतचा चारा मिळतो का, कितीला मिळतो आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे आता शोधायचं आहे. मैत्रिणीनं ते यादीत सगळ्यात वर लिहिलंय.